सोमवारची हजेरी

रविवार, ६ नोव्हेंबर १९३८. अकोट.

भाजी पिकवणाऱ्या, फुले विकणाऱ्या, उजाडायच्या आत बाजारात जागा धरून बसणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो, तुमची आणि माझी तक्रार एकच आहे. बत्तीस साली आपण तुरुंगात गेलो, तिथले दळण दळले, तिथली माती मिसळलेली भाकर खाल्ली. आपल्यातल्याच काहींनी मात्र माफीचा कागद लिहून घर गाठले. आज तेच लोक आपल्या नावाने खुर्ची मागत आहेत.

सुरुवात जमली. भाषणाचा आरंभ मी नेहमी या वहीत लिहून पाहतो; पुढचे आपोआप येते.

सत्तावीस तारखेला अमरावतीला प्रांतिक समितीच्या अध्यक्षाची निवडणूक आहे. अकोट तालुक्याचे आम्ही अकरा प्रतिनिधी, आणि बाकीचे दहा मी सांगेन तिकडे मत देतात. दोन्ही बाजू इतक्या सारख्या आहेत की आमच्यातले नत्थुजी म्हणतात, यंदाचा अध्यक्ष अमरावती निवडणार नाही, अकोटचा भाजीमळा निवडणार.

उमेदवार दोन. अमरावतीचे वकील वामनराव: दीड वर्षाची शिक्षा पुरी भोगली, एक दिवस कमी नाही. आणि नांदगाव खंडेश्वरचे शेतकरी खुशालराव: सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि सातव्या आठवड्यात माफी लिहून बाहेर. यात ठरवायचे काय आहे? तरी मी अजून शब्द दिलेला नाही. खुशालराव माझ्याच बराकीत होते, आणि मला मुदतीचा ताप आला तेव्हा त्यांनी पाणी पाजल्याचे अंधुक आठवते. पण पाणी पाजणे हा राजकीय गुण नव्हे.

मंगळवार, ८ नोव्हेंबर.

घरात मी आणि माय दोघेच. बायको बाळंतपणासाठी मोर्शीला माहेरी आहे. सकाळी माय सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती. तिच्या उजव्या अंगठ्यावर विळ्याची जुनी खूण आहे, नखाच्या कोपऱ्यापासून खाली पेरापर्यंत तिरपी गेलेली. त्या खाचेत ती केळीच्या सोपटाचा धागा अडकवते आणि एका झटक्यात गाठ मारते. तशी गाठ दुसऱ्या कोणाला येत नाही.

तिच्यासमोर भाषण म्हणून पाहिले. माझ्या सुटकेचा भाग आला: "मी तापाने फणफणलो होतो. सरकार माझ्या प्रेताला भ्याले. साडेतीन महिने बाकी असताना त्यांनी दार उघडले. मी कोणापुढे हात जोडले नाहीत, आणि माझ्या वतीनेही कोणी जोडले नाहीत."

"याच्यावर टाळ्या पडतात का रे?" मायने विचारले.

"सगळ्यात जास्त याच्यावरच पडतात."

"मंग असू दे," ती म्हणाली आणि वाफ्याला पाणी पोचले का बघायला उठून गेली. राजकारणात तिला मुळीच रस नाही. आयर्लंडच्या देशभक्तांच्या माता मुलांना फासापर्यंत पोचवायला गेल्या, हे मी तिला वाचून दाखवले होते. तेव्हा ती म्हणाली होती, "त्याईले दुसरे पोट्टे असतील."

शुक्रवार, ११ नोव्हेंबर. अमरावती.

वामनरावांकडे दोन तास होतो. त्यांच्या कपाटांतली पुस्तके पाहिली की अकोटचे वाचनालय पोरखेळ वाटते. फ्रेंच राज्यक्रांतीवरचा एक जाड ग्रंथ त्यांनी आपणहून दिला. "देवीदासजी, हा मी दुसऱ्या कोणाला देत नाही," म्हणाले. चहा त्यांनी स्वतः आणून ठेवला.

मग एक कागदांचे बाड काढले. गेल्या वर्षी आपले सरकार आल्यापासून जुने कागद इकडेतिकडे निघत आहेत. हे कागद बत्तीस सालच्या माफीपत्रांचे, मुळातले, सह्यांसकट. प्रत्येकावर जांभळ्या पेन्सिलीने आकडा, शेवटचा तेरा. चौथे पान खुशालरावांचे.

"मी वाचले तर लोक म्हणतील वकील बोलतो आहे. तुम्ही वाचा. तुमच्याकडून ऐकलेले लोक विसरत नाहीत."

हे कागद कसे मिळाले, ते मी विचारले नाही. सत्य कोणत्या दाराने आले याने काय फरक पडतो? मी वामनरावांना शब्द दिला. दहा जणांना उद्या सांगेन. मन हलके झाले.

सोमवार, १४ नोव्हेंबर. अकोट.

काल संध्याकाळच्या सभेला बाजाराच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. चौथे पान वाचले. मग म्हणालो, "सुटून आल्यावर हा गृहस्थ दोन वर्षे दर सोमवारी पोलीस ठाण्यावर जायचा. साऱ्या नांदगावाने पाहिले आहे. आपण सोमवार महादेवाचा धरतो. यांचा महादेव ठाण्यात बसलेला होता, बेल म्हणून वाहायला काय नेत असतील ते तुम्हीच ओळखा." हशा पाच मिनिटे थांबला नाही. सोमवारचा सोयरा, असे मागून कोणी ओरडले. आता हे नाव जिल्हाभर होईल.

माय पुढच्या रांगेत होती. हशा चालू असताना उठून गेली. गर्दीने तिला घेरी येते.

परत येताना नत्थुजींनी बाड चाळले. नत्थुजी साठीचे, आमच्या अकरांतले सगळ्यात वडील. फुलांचे हार करता करता लिहायला शिकले, त्यामुळे कागद फार बारकाईने वाचतात.

"देवीदास, आठानंतर दहा काहून आहे?"

"म्हणजे?"

"नववं पान नाही. तुरुंगात नऊ नंबरचा माणूसच नव्हता का?"

मी पाहिले. खरेच नाही. कुठे तरी गळाले असेल.

गुरुवार, १७ नोव्हेंबर.

खुशालराव आज बागेत आले. एकटे, पायात धूळ. मला वाटले भांडायला आले. मी तयार होतो.

मायने पाहुण्यांचा पितळी तांब्या काढला. भाकर, ठेचा, वर वांग्याची भाजी. "खुशाल, हे चार वांगे घरी ने," म्हणाली. त्यांना ती एकेरी बोलते. म्हातारी माणसे सगळ्यांनाच बोलतात.

जेवण झाल्यावर ते मला म्हणाले, "कागद वाचला म्हणे तू. वाच. सही माहीच आहे. अमरावतीलेही वाच."

"वाचणारच आहे."

"फक्त सत्तावीस तारखेले मायले तथी आणू नको."

"काहून?"

"गर्दी राहते लेका." त्यांनी वांगी रुमालात बांधली आणि गेले.

एका म्हातारीच्या नजरेलाही भिणारा माणूस प्रांताचा अध्यक्ष होऊ पाहतो. हे वाक्य भाषणात घेता येईल.

तरी नववे पान डोक्यातून जात नाही. समजा, ते वामनरावांच्या एखाद्या माणसाचे असेल आणि त्यांनी ते काढून ठेवले असेल, तर? आपल्याला झाकायचे आणि दुसऱ्याला उघडे करायचे, ही न्यायाची रीत नव्हे. उघडायची तर तेराही पाने उघडली पाहिजेत. रविवारी अमरावतीला जाऊन स्पष्ट विचारणार आहे.

रविवार, २० नोव्हेंबर. अमरावती, धर्मशाळा.

विचारले.

वामनराव म्हणाले, "नववे पान नसलेले बरे."

मी म्हणालो, ते कोणाचेही असो, मी सभेत वाचणार. मित्राचे असले तर आधी वाचणार. आवाज चढवूनच बोललो असेन, कारण आतल्या खोलीतून कोणी तरी डोकावले.

त्यांनी कपाट उघडून एक कागद टेबलावर ठेवला. कागदावर बोट दाबून धरले होते.

मी गंगूबाई, राहणार अकोट. माझा मुलगा देवीदास तापाने मरणाला टेकला आहे. त्याच्या वतीने मी सरकारची माफी मागते. यापुढे दोन वर्षे तो सभेत बोलणार नाही.

खाली अंगठा. शाई पसरलेली, आणि मधून, नखाच्या कोपऱ्यापासून पेरापर्यंत, एक पांढरी तिरपी रेघ.

त्याखाली जामीनदार म्हणून खुशालराव यांची सही. आणखी दोन ओळी होत्या, त्या वाचायच्या आत पान उचलले गेले.

"आईचे मन," वामनराव म्हणाले, "त्यात लाजण्यासारखे काही नाही. लोकांना मात्र समजावणे कठीण. तुम्ही आमचे आहात, हे पान कोणाच्या दृष्टीस पडणार नाही. निवडणूक झाली की स्वतःच्या हाताने चुलीत घाला." मग विचारले, ग्रंथ कुठवर आला.

मी सांगितले, एकशे चाळीस पानांपर्यंत. खरेच तेवढा झाला आहे. असल्या वेळी माणूस असले उत्तर कसे देतो कोण जाणे.

सोमवार, २१ नोव्हेंबर. अकोट.

मोटारीत शेजारच्याने ओळखले. म्हणाला, देवीदासजी, ते सोमवारचं पुन्हा सांगा ना.

मंगळवार, २२ नोव्हेंबर.

सकाळी बाजाराला निघायच्या आधी मायला थांबवले. टोपली तिच्या डोक्यावरच होती.

"माय, तू माझ्या नावाने माफी मागितली."

तिने टोपली उतरवली. नाही म्हणाली नाही.

"माझं नाव गेलं," मी म्हणालो.

"नाव? ताप तुह्या नावाले आला होता का?"

मग ती बसली आणि जुड्यांवर ओले फडके पसरता पसरता सांगत गेली. मी मधे बोललो नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असे घडले असावे.

तुरुंगातून महिनाभर कोणाचे पत्र येऊ देत नव्हते. मला ताप आहे हे तिला ठाऊकच नव्हते. एके दुपारी खुशालराव दारात उभे राहिले. तुरुंगातून सुटून सरळ अकोटला आलेले, आपल्या घरीही गेले नव्हते. "म्हने, बुढे, पोरगा आठ दिवस काढत नाही. आपन कागद करू." दोघे बैलगाडीने अकोल्याला, तुरुंगाच्या साहेबाकडे गेले. साहेब म्हणाला, बाईचा अंगठा पुरत नाही, जमीनवाला जामीन पाहिजे. अकोटात मायने चार घरे पुजली. सगळ्यांनी माझ्या शौर्याची तारीफ केली, कोणी सही दिली नाही.

"मंग खुशालनंच देली. साहेबानं अट घातली, पोरगा दोन वर्षांत सभेत बोलला तर जामीनदारानं दर सोमवारी ठान्यावर येऊन जबाब द्यायचा. तू घरी आला. पुढच्याच महिन्यात बाजारात उभा राहून बोलला. तवापासून त्याचे सोमवार सुरू झाले."

मी विचारले, मला का सांगितले नाहीस.

"सांगतलं असतं तर तू बोलनं बंद केलं असतं. बोलल्याबिगर तू जगला असता का? मी खुशालले म्हतलं, त्याले सांगू का? तो म्हने, बोलू द्या त्याले. सोमवारचं मी पाहतो."

थोड्या वेळाने तिने टोपली उचलली. "मेथी सुकते," म्हणाली.

दोन वर्षे. मी मोजायला बसलो आणि थांबलो. माझ्या प्रत्येक सभेच्या पुढच्या सोमवारी तो माणूस ठाण्याच्या बाकावर बसला असेल, आणि मी त्या बाकावर सात हजार माणसांना हसवले.

गुरुवार, २४ नोव्हेंबर. नांदगाव खंडेश्वर.

खुशालराव शेतात होते, वेचणी चालली होती. मी काही बोलायच्या आधीच त्यांच्या लक्षात आले असावे. कमरेची ओटी सोडून कापूस ढिगावर टाकला आणि बांधावर बसले.

"बुढीनं सांगतलं?"

"नववं पान पाहिलं."

"हं."

मी पाया पडायला वाकलो, त्यांनी खांद्याला धरून बसवले. "नाटक नको. आयक, एकाच कारनासाठी सही केली म्हननारा मानूस खोटा असते. अशीच माही कपाशी फुटून उभी होती. दळन दळून हात सोलले होते. मले घरी यायचंच होतं. तू आजारी पडला, मले निमित्त भेटलं. कोनतं कारन किती, ते मी अजून तोललं नाई."

"माझ्यामुळे लोक तुम्हाला सोमवारचा सोयरा म्हणाले."

"चांगलं जमलं ते. माहा साळाही हसला." मग गंभीर झाले. "देवीदास, हे कोठं सांगू नको. तुह्या बोलन्यावर लोक तुरुंगात जायले तयार होतात. ते मोडू नको. मी अध्यक्ष नाई झालो तर वेचनी थांबत नाई."

"मग उभे काहून राहिले?"

"कमिटीत सगळे बोलनारे आहेत. आयकनारा एकतरी पाहिजे."

वाटेत मी तोच विचार करत होतो. मी गेली सहा वर्षे किती ऐकले? माय सभेतून कितीदा उठून गेली; मी ते दर वेळी घेरीवर घातले.

शनिवार, २६ नोव्हेंबर. अमरावती.

दोन दिवस स्वतःशी वाद घातला. उपकाराची फेड मताने करणे ही लाचच. खुशालरावांनी मला वाचवले म्हणून ते अध्यक्ष व्हावेत, हे मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकले असते तर त्याची सालटी काढली असती. तेव्हा उपकार बाजूला ठेवला आणि फक्त एवढे पाहिले: एक गुपित दोघांकडे होते. एकाने ते सहा वर्षे पाठीवर वाहिले, स्वतःवर चिखल उडाला तरी उतरवले नाही. दुसऱ्याने ते कपाटात ठेवले, आणि मी कामाचा आहे तोवर ठेवले. उद्या त्या कपाटात प्रांतातल्या प्रत्येक कार्यकर्त्याचे एकेक पान जाईल. वामनरावांच्या शिक्षेचा एक दिवस कमी झाला नाही हे खरे आहे. तेवढ्यावरून मी त्यांना अध्यक्ष करणार होतो.

दहाही जण धर्मशाळेत उतरले आहेत. नत्थुजींना सगळे सांगितले. त्यांनी सुपारी कातरायला घेतली. 

"म्हणजे वामनरावाकडे राहिलास तर पान चुलीत," ते म्हणाले, "आणि फिरलास तर ते भर सभेत वाचणार."

"त्यांच्या आधी मीच वाचतो."

"पान कुठं आहे तुझ्यापाशी?"

"पाठ आहे."

"तुझं पहिलंच भाषण असेल, एका पानाचं." मग हळू म्हणाले, "यानंतर तुले कोणी सभेला बोलावणार नाही, बापू. माफीवाल्याची तोफ कोण ऐकते?"

ते मला ठाऊक आहे. बोलण्याखेरीज मला काही येत नाही. बागही मायच करते.

मायला मी बरोबर आणले आहे. खुशालराव रागावतील. ती विचारते, उद्या कोणते लुगडे नेसू.

रविवार, २७ नोव्हेंबर. अमरावती, सकाळ.

दोन वाजता सभा, चार वाजता मतदान. दोन्ही उमेदवारांच्या वतीने एकेकाने बोलायचे आहे. वामनरावांच्या वतीने माझे नाव छापले आहे. ग्रंथ त्यांच्या घरी पोचता केला. एकशे चाळीस पानांवर खूण तशीच राहिली.

जे बोलणार आहे ते या वेळी आरंभापासून शेवटापर्यंत लिहून काढतो. आपोआप येणाऱ्या शब्दांवर आज माझा विश्वास नाही.

"प्रतिनिधी बंधूंनो, बत्तीस सालच्या माफीची आग तुमच्या मनात अजून आहे. ती मीच वर्षानुवर्षे फुंकली. माझ्या हातात बारा माफीपत्रे आहेत आणि तेरावे कपाटात आहे. त्यावर नऊ आकडा आहे. ते माझे आहे.

सरकार माझ्या प्रेताला भ्याले नव्हते. माझी आई माझ्या प्रेताला भ्याली. ती समोर बसली आहे. तिने अंगठा दिला तेव्हा मला शुद्ध नव्हती. पण गेली सहा वर्षे मी शुद्धीवर होतो, आणि आपल्याला का सोडले असेल हे एकदाही विचारले नाही. टाळ्या पडत होत्या. तो माझा गुन्हा, तिचा नव्हे.

त्या अंगठ्याखाली खुशालरावांची सही आहे. मी बोलायचो, आणि त्याचा जबाब द्यायला ते सोमवारी ठाण्यावर जायचे. ज्यावर तुम्ही हसलात तो सोमवार माझा होता. हे त्यांनी कोणाला सांगितले नाही. मी सांगू नये असेही त्यांनीच सांगितले आहे. त्यांचे हे एक म्हणणे मी मोडतो.

त्यांनी तुरुंगात किती दिवस काढले हे मोजू नका. मी मोजले, आणि फसलो. उद्या तुम्ही पडलात, चुकलात, घाबरलात, तर तुमचा कागद कोणाच्या हाती असावा, एवढेच बघा. अकोट तालुक्याच्या माझ्या दहा सोबत्यांनो, माझ्या शब्दावर मत द्यायची सवय आज मोडा; मी सांगितले ते खरे की खोटे, हे त्या माउलीला विचारा आणि मग उठा.

चार वाजता तुमच्या हातात दोन नावांची चिठ्ठी येईल. खुशालरावांच्या नावासमोर खूण करा. ज्याला लेखणी धरता येत नाही त्याने अंगठा लावावा. मला लिहिता येते, पण मीही आज अंगठाच लावणार आहे. तुम्ही माझ्या मागोमाग या आणि त्याच नावासमोर लावा."